हरवलेलें कथानक

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या दिंडोरीस एका स्नेह्यांच्या घरीं चार वाचणारीं माणसें जमलीं होतीं. द्राक्षांचा हंगाम आटोपला होता, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून परत गेले होते, आणि अंगणांत नुकतेंच पाणी शिंपडलेलें होतें. अशा वेळीं बोलणें वाङ्मयावर आलें यांत नवल नाहीं. माझ्या महाविद्यालयांतील इंग्रजीचे एक तरुण प्राध्यापक तेथें होते. इंग्रजींतील अलीकडच्या प्रचंड अद्भुत कादंबरीमालांचे ते मोठे भोक्ते आहेत. मीं सहज म्हटलें, "या मालांचे पहिले दोन ग्रंथ मीं आवडीनें वाचले, पुढें गोष्ट कोठें गेली तें मला सांपडलें नाहीं." यावर ते हंसून म्हणाले, "सर, पुढें काय झालें हें विचारणें ही वाचनाची बालावस्था होय. या ग्रंथांत एक जग उभें केलेलें असतें. त्यांत राहावयाचें असतें. शेवट मागणारा वाचक अजून आजीच्या मांडीवरून उतरलेलाच नाहीं."

तेवढ्यांत चहा आला आणि बोलणें टोमॅटोच्या भावाकडे वळलें. परंतु तें वाक्य मनांत सलत राहिलें, कारण तें एकट्या त्यांचें नव्हे. अलीकडे हा विचार सुशिक्षित तरुणांत एखाद्या सिद्धांतासारखा वावरतो, आणि त्याच्या आड ग्रंथकारांची एक मोठी लबाडी सुखानें नांदते, असें माझें मत आहे. तिच्याविषयीं चार शब्द स्पष्ट बोलावे म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर करतों. अद्भुताशीं माझें वैर नाहीं. मराठी कादंबरीचा जन्मच मुळीं अद्भुताच्या मांडीवर झाला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ सालीं 'नावल व नाटक' यांविषयीं निबंध लिहिला, आणि १९०२ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 'कादंबरी' या निबंधांत अद्भुत व वास्तव यांचा वाद पुन्हा मांडला. म्हणजे हा वाद आपल्याकडे कांहीं कालचा नव्हे. त्या जुन्या कादंबऱ्यांना आज हंसणें सोपें आहे. योगायोगांची रेलचेल, पाल्हाळिक वर्णनें, उपमांचा पाऊस, हें सर्व खरें. पण जें संकट आरंभीं उभें केलें त्याचा निकाल त्याच कथेंत लावून द्यावयाचा असतो, एवढें त्या ग्रंथकारांना पक्कें ठाऊक होतें. नाथमाधवांची 'वीरधवल' मीं शाळेंत असतांना कंदिलाच्या उजेडांत वाचली, आणि पहांटे ती संपवून निजलों तेव्हां कथा पुरी झाल्याचें जें समाधान होतें तें पुढें पुष्कळ श्रेष्ठ ग्रंथांनींहि मला दिलेलें नाहीं.

लांबीशींहि माझें भांडण नाहीं. ज्याच्या घरीं महाभारत आहे त्यानें लांबीची तक्रार करूं नये.

आतां महाभारताचें नांव निघालें म्हणून सांगतों: या नव्या मालांचे कैवारी प्रत्येक वेळीं त्याच वटवृक्षाखालीं आसरा घेतात. "व्यासांनीं उपाख्यानें घातलींच कीं नाहीं?" असा त्यांचा सवाल असतो. होय, घातलीं. उपाख्यानें वगळून चोवीस हजार श्लोकांची संहिता आणि त्यांसह एक लक्षाचा ग्रंथ, असा हिशेब महाभारतच आदिपर्वांत देतें. म्हणजे मूळ कोणतें आणि विस्तार कोणता याची जाणीव तेथें लपविलेली नाहीं. पण उपाख्यान येतें तें कसें, हेंहि पाहावें. द्यूतांत सर्वस्व गमावून वनांत आलेला युधिष्ठिर विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा कोणी झाला काय? तेव्हां बृहदश्व ऋषि त्याला नळाची कथा सांगतो. कथा संपल्यावर तोच ऋषि युधिष्ठिराला अक्षविद्या शिकवितो. आणि पुढें विराटाच्या घरीं युधिष्ठिर राहतो तो फांसे टाकण्यांत निष्णात अशा कंकाच्या वेषानें! गोष्ट आडवाटेला गेली, पण परत येतांना हातांत कांहीं तरी घेऊन आली. शांतिपर्वांत व अनुशासनपर्वांत मीहि पानें भराभर उलटतों, हें कबूल करतों. परंतु तोंपर्यंत युद्ध संपलेलें आहे, दुर्योधन पडलेला आहे. मुख्य ऋण फेडून झाल्यावर भीष्मांनीं शरपंजरीं हवें तितकें बोलावें.

दुसरें उदाहरण कथासरित्सागराचें देतात. तें अधिक अडचणीचें आहे. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें राणी सूर्यवतीच्या मनोरंजनार्थ अठरा लंबकांत रचलेला हा ग्रंथ. त्यांत नरवाहनदत्त हा कथानायक असूनहि वाचकाला त्याची आठवण वारंवार करून द्यावी लागते. येथें मूळ कथा हरवते हें मी मान्य करतों. पण सोमदेवानें आपल्या ग्रंथाला नांव काय दिलें? कथारूपी नद्यांचा सागर! सागरांत एक प्रवाह शोधणारा दोषी असतो, सागर नव्हे. शिवाय नरवाहनदत्त शेवटीं विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. सोमदेवानें त्याला वाटेंत सोडलेला नाहीं.

याच ग्रंथांत वेताळाच्या पंचवीस कथा आहेत, आणि त्यांवरून माझा मुद्दा जितका स्पष्ट होतो तितका दुसऱ्या कशानें होणार नाहीं. राजा स्मशानांतून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, वेताळ गोष्ट सांगून प्रश्न घालतो, राजा उत्तर देतो, प्रेत पुन्हा झाडावर जातें. पण हें सर्व एका भिक्षूच्या सांगण्यावरून चाललेलें आहे; त्या भिक्षूच्या मनांत राजाचाच बळी देण्याचें कपट आहे; आणि अखेरीस वेताळ तें कपट उघड करतो व राजा भिक्षूचें मस्तक उडवितो. पंचवीस गोष्टींचें ओझें खांद्यावर वाहिलें त्याचें सार्थक त्या एका घावांत होतें. आतां आमच्या पिढीनें वेताळ पाहिला तो 'चांदोबा' मासिकांत. मराठींत हें मासिक १९५२ पासून निघूं लागलें, आणि त्यांतील वेताळ पंचवीस गोष्टींवर थांबला नाहीं; दर महिन्यास एक याप्रमाणें तो वर्षानुवर्षें झाडावर परत जात राहिला. गोष्टी सुरस असत, चित्रें तर अविस्मरणीय. पण मी दहा-अकरा वर्षांचा असतांना आमच्या आजीला विचारलें होतें, "आजी, हा राजा तें प्रेत नेतो तरी कोणासाठीं?" आजीनें भिक्षूची हकीगत सांगितली तेव्हां मी चकित झालों. महिन्यामागून महिने मी राजाबरोबर चालत होतों, आणि आपण कोठें निघालों आहोंत हें मला ठाऊकच नव्हतें! मासिकाला दोष देत नाहीं. तेथें प्रत्येक गोष्ट स्वतंत्र असे आणि कोणी कोणाला शेवटाचें वचन दिलेलें नव्हतें. आजीच्या मांडीवर मीं काय शिकलों, असें त्या तरुण मित्रांनीं पुन्हा विचारलें तर हें सांगेन.

वचन हाच खरा वादाचा विषय आहे. 'जग उभें करणाऱ्या' ग्रंथकारांनीं पहिल्याच प्रकरणांत काय केलेलें असतें तें पाहा. जॉर्ज मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालेचा पहिला ग्रंथ १९९६ सालीं निघाला. त्याच्या अगदीं आरंभींच्या पानांत उत्तरेच्या हिमभिंतीपलीकडे मेलेलीं माणसें उठून चालूं लागलीं आहेत हें दाखविलेलें आहे. हिंवाळा येणार, आणि त्याच्याबरोबर तें अभद्र येणार. राजे आपसांत भांडत आहेत आणि खरें संकट भिंतीआड वाढत आहे! आरंभ खरोखर उत्तम आहे. पहिल्या तीन ग्रंथांची शक्ति मी नाकारीत नाहीं. १९९८ व २००० सालीं दुसरा व तिसरा ग्रंथ आला. मुळांत ही त्रयी व्हावयाची होती. तिचे सात ग्रंथ ठरले. मग चौथ्या ग्रंथाला पांच वर्षें लागलीं, आणि तो इतका फुगला कीं पात्रांची वांटणी करून अर्ध्यांना पुढच्या ग्रंथासाठीं राखून ठेवावें लागलें. तो पांचवा ग्रंथ २०११ सालीं निघाला. पांचांची मिळून पानें चार हजारांहून अधिक. भिंत अजून उभी, मृतांची सेना अजून पलीकडेच. त्यानंतर एक तप उलटून गेलें तरी वाचक सहाव्याची वाट पाहत बसले. मध्यंतरीं २०१९ सालीं दूरदर्शन-मालिकेनें आपल्या परीनें शेवट करून टाकला, आणि ग्रंथ मागें राहिला.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'व्हील ऑफ टाइम'ची कथा निराळी आणि अधिक करुण आहे. १९९० सालीं सुरू झालेल्या या मालेचा दहावा ग्रंथ २००३ सालीं आला. नवव्या ग्रंथाच्या अखेरीस जी मोठी घटना घडली तिची चाहूल कोणाकोणाला कशी लागली हें सांगण्यांतच त्याचा मोठा भाग खर्ची पडला आहे. नायक बाजूला, शत्रु बाजूला. स्नानें, वस्त्रें, खलबतें आणि पुन्हा वस्त्रें. २००७ सालीं ग्रंथकार निवर्तले. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनीं शेवटचा एक ग्रंथ लिहावयाचा ठरला. त्या एकाचे तीन झाले, आणि १४ ग्रंथांची ही माला २०१३ सालीं एकदांची तडीस गेली. निदान गेली, सँडरसन यांचे उपकार मी मानतों.

आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सर्व दादा म्हणत, हे कृषिपदवीधर असून त्यांचा द्राक्षांचा मळा होता. रात्रीं हिशेबाची वही मिटली कीं इंग्रजी कादंबरी उघडावयाची हा त्यांचा नेम. मार्टिन यांचे पांचहि ग्रंथ त्यांनीं एकेक करून घेतले व दोनदां वाचले. मी नांवें ठेवूं लागलों कीं ते मळ्यांतला दाखला देत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीला जी बगलफूट येते ती वेळीं काढली नाहीं तर मांडव हिरवागार दिसतो, पाहुण्याला बाग मोठी भरांत आहेसें वाटतें. पण वेलीचा जोर पानांत जातो, घड फुगत नाहीं, आणि त्या दाटींत भुरी शिरली तर दिसतहि नाहीं. "या गृहस्थानें बगलफूट काढलेली नाहीं, हें मला दिसतें रे," ते म्हणत, "पण घड धरलेला आहे. अजून वेळ आहे." दूरदर्शनवरचा शेवट त्यांनीं पाहिला नाहीं, तो दुसऱ्यांनीं केलेला म्हणून ऐकूनहि घेतला नाहीं. २०२१ सालच्या पावसाळ्यांत ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या आठवड्यांत एकदां त्यांनीं मला विचारलें, "अरे, त्या भिंतीचें पुढें काय झालें? आला का तो ग्रंथ?" मी म्हटलें, "नाहीं दादा, अजून लिहून व्हावयाचा आहे." ते कांहीं बोलले नाहींत. पुढें चार दिवसांनीं ते गेले.

हें लिहितांना मला संकोच होतो, कारण युक्तिवादांत घरचें दुःख आणणें बरें नव्हे. ग्रंथकार कोणाचा नोकर नाहीं, त्यालाहि आजार, वय, थकवा आहे, हें मी जाणतों. आपल्या हरि नारायण आपट्यांच्याहि कांहीं कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' काढलें, आणि आठवड्याच्या आठवड्याला छापखान्याचा मुलगा दारांत उभा राहावा अशा धांवपळींत एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. पाल्हाळ त्यांच्यांतहि आहे. पण 'उषःकाल' उघडा: इतकीं पात्रें, भुयारें, वेषांतरें असूनहि स्वराज्याचा उदय हें जें नांवांत सांगितलें आहे त्याच्याकडे कथा सतत तोंड करून असते. हिंदींत देवकीनंदन खत्री यांनीं 'चंद्रकांता'नंतर 'चंद्रकांता संतती'चे २४ भाग लिहिले आणि 'भूतनाथ' लिहितां लिहितां १९१३ सालीं ते वारले. मुलानें तें पुरें केलें. मृत्यूनें कथा तोडली तर वाचक हात जोडतो. माझी तक्रार लेखक जिवंत असतांना कथा मरते तिच्याविषयीं आहे.

ती मरते कशी? माझ्या समजुतीप्रमाणें ती आळसानें मरत नाहीं, समृद्धीनें मरते. पहिला ग्रंथ खपतो. प्रकाशकाला त्या जगांतील आणखी पानें हवीं असतात, आणि लेखकालाहि शेवट लिहिण्यापेक्षां नवें नगर वसविणें सोपें वाटतें. कारण नव्या नगरांत कोणतेंहि देणें शिल्लक नसतें. जुन्या पात्रांचे हिशेब चुकते करावयाचे म्हटलें कीं कोणाला तरी मारावें लागतें, कोणतें तरी भाकीत खरें करावें लागतें, आणि वाचकांच्या शंभर तर्कांपैकीं नव्व्याण्णवांची निराशा करावी लागते. त्यापेक्षां दूरच्या बेटावरचा एक खलाशी आणावा, त्याला स्वतंत्र प्रकरण द्यावें, त्याच्या आजोबांचें चरित्र सांगावें. प्रत्येक प्रकरण सुटें वाचलें तर चांगलेंच असतें. तेथेंच वाचक फसतो, आणि मला वाटतें लेखकहि फसतो.

"आयुष्याला तरी कोठें कथानक असतें?" हा दुसरा बचाव. नसतें, ठीक. मग पहिल्या ग्रंथांत भाकितें, लपविलेले राजपुत्र आणि येऊं घातलेला प्रलय कशाला मांडलात? आमच्याकडे नारदीय कीर्तनांत बुवा पूर्वरंगाला एक पद घेतात. उत्तररंगांत आख्यान लावतात, मध्येंच दृष्टांत, चुटके, कोपरखळ्या. दोन-दोन घटका मूळ पदाचें नांवहि नसतें. पण आख्यान संपलें कीं बुवा त्याच पदावर येतात, आणि तेथें आल्याशिवाय आरती होत नाहीं. उद्यां एखादे बुवा पद तसेंच सोडून "श्रोतेहो, या देवळांत राहावयाचें असतें" असें म्हणूं लागले तर खेड्यांतली म्हातारी माणसें देखील काय म्हणतील तें मी येथें छापूं शकत नाहीं.

जग उभें करणें आणि गोष्ट पुरी करणें यांत विरोध आहे, हेंहि खरें नाहीं. टोल्किन यांच्याइतकें जग कोणी उभें केलें? भाषा, लिप्या, वंशावळी, पंचांगें, सर्व. पण १९५४-५५ सालीं त्यांचे तीन खंड निघाले तेव्हां त्यांनीं हा सगळा पसारा शेवटीं परिशिष्टांत बांधून ठेवला, आणि कथेंत मुद्रिका अग्नींत पडेपर्यंत उसंत घेतली नाहीं. ज्याला वंशावळी हव्यात त्यानें परिशिष्टें वाचावीं! 'हॅरी पॉटर'चे सात भाग सांगितले, १९९७ ते २००७ या काळांत सातच झाले. पांचवा भाग फार फुगला आहे, आणि माझ्या मुलीनें तो मला मोठ्यानें वाचून दाखविला तेव्हां मी मधून मधून झोंपलों. पण सातव्याच्या शेवटीं आम्ही दोघेंहि जागीं होतों.

हा वाद केवळ इंग्रजी पुस्तकांपुरता असता तर मी लेखणी उचललीच नसती. गेल्या कांहीं वर्षांत माझ्याकडे विद्यार्थी आपलीं मराठी हस्तलिखितें घेऊन येतात. ही आनंदाची गोष्ट आहे. आमच्या तालुक्यांतलीं शेतकऱ्यांचीं मुलें अद्भुत कादंबरी लिहितात याचा मला अभिमान आहे. मागें एकानें सप्तशृंगीच्या डोंगरावरून सुचलेलें एक राज्य कल्पून आणलें होतें. नकाशा रंगीत होता. सात कुळांच्या वंशावळी होत्या, नाणीं होतीं, ऋतूंचीं निराळीं नांवें होतीं. वहीवर 'भाग १ ला (एकूण ९)' असें लिहिलेलें होतें. दोनशें पानें मीं वाचलीं. भाषा गोड, कल्पना तेजस्वी. मग मीं विचारलें, "तुझ्या नायकाला हवें आहे तरी काय?" तो क्षणभर थांबला आणि अगदीं प्रामाणिकपणें म्हणाला, "सर, तें तिसऱ्या भागांत ठरेल."

त्या मुलाला मी हंसलों नाहीं. त्यानें ज्यांना गुरु मानलें त्यांनीं त्याला हेंच शिकविलें आहे, आणि त्यांना 'प्रौढ वाचनाचा' आदर्श म्हणून वर्गांत मिरविणारे आम्ही प्राध्यापक त्याहून अधिक दोषी आहों. ज्याला इंग्रजी ही दुसरी भाषा आहे, ज्याच्या घरीं पुस्तक विकत घेणें हा विचार करून करावयाचा खर्च आहे, त्यानें एका मालेंत वर्ष घालवावें आणि तेथून काय आणावें? नकाशा! मीं त्याला वही परत दिली आणि सांगितलें, नकाशा घरीं ठेव, नायकाला काय हवें तें एका ओळींत लिहून आण, आणि मग एकच पुस्तक लिही, शेवटासह. दिवाळीनंतर येतों म्हणाला आहे.

दादांचे ग्रंथ वहिनींनीं गेल्या महिन्यांत वाचनालयाला द्यावयाचे ठरविले. मी स्वतः ते घेऊन गेलों. पांचव्या ग्रंथांत त्यांची खूण होती, द्राक्षाच्या पेटीच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा. तो मीं काढून खिशांत ठेवला. ग्रंथपालबाईंनीं नोंदवही उघडली, एकेका ग्रंथाचें नांव लिहिलें आणि विचारलें, "सर, संच पूर्ण आहे ना?" मी नाहीं म्हटलें. "मग पुढचे भाग तुम्ही आणून देणार का?" बाईंनीं विचारलें, कारण शेऱ्याच्या रकान्यांत कांहीं तरी लिहिणें त्यांना भाग होतें.